घरातील जुना संगणक : अपडेट थांबल्यानंतरची सुरक्षा

घरातील संगणक सुरू होतो आहे तोवर त्याला जुना म्हणायला कोणी तयार नसते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, मुलांच्या लहानपणीची छायाचित्रे, घराच्या करारनाम्याची स्कॅन केलेली प्रत असे सारे त्याच एका खोक्यात साठलेले असते. यंत्र चालते आहे म्हणजे ते ठीक आहे, हा हिशेब पंख्याला किंवा शिवणयंत्राला लागू पडतो. इंटरनेटला जोडलेल्या संगणकाला तो लागू पडत नाही. संगणकाचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांइतकेच त्याला मिळणाऱ्या दुरुस्त्यांवर अवलंबून असते, आणि या दुरुस्त्या एका ठरलेल्या दिवशी थांबतात.

विंडोज एक्सपीसाठी हा दिवस ८ एप्रिल २०१४ होता, विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० आणि विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५. यांतील शेवटच्या तारखेने सर्वाधिक घरांना कोड्यात टाकले आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीतील किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले अनेक संगणक धडधाकट असूनही नव्या आवृत्तीला अपात्र ठरतात. काही क्लृप्त्या योजून अशा यंत्रांवर विंडोज ११ बसवता येते हे खरे. पण त्यांना पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी हा खटाटोप करायचा, तेच हाती लागेल याची खात्री नसते.

दुरुस्त्या थांबल्याने नेमके काय बिघडते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे उपाय कळत नाहीत. कार्यप्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींचा मजकूर असतो आणि त्यात चुका राहतातच. त्यांपैकी काही चुकांमधून बाहेरच्या माणसाला आत शिरता येते. अशी चूक सापडली की निर्माता कंपनी तिच्यावर ठिगळ लावते. संगणकाच्या भाषेत त्याला पॅच म्हणतात. मायक्रोसॉफ्टची अशी ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. गोम अशी की प्रत्येक ठिगळ भोकाची जागाही दाखवून देते. हल्लेखोर दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची फाइल शेजारीशेजारी ठेवून फरक पाहतात आणि नेमके काय बदलले ते हुडकतात. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत जुन्या आवृत्त्यांचा बराच मजकूर तसाच पुढे आलेला असतो. त्यामुळे नव्या आवृत्तीत बुजवलेले भोक जुन्या आवृत्तीतही असण्याची शक्यता मोठी. फरक इतकाच की तिथे ते कायमचे उघडे राहते. संगणक जुना होतो तसा तो अधिक सुरक्षित होत नाही, कारण दर महिन्याला त्याच्याविषयीची जाहीर माहिती वाढत जाते.

याचे उदाहरण फार दूरचे नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइल देवाणघेवाणीच्या यंत्रणेतील एक त्रुटी दुरुस्त केली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू नेमक्या त्याच त्रुटीतून दीडशेहून अधिक देशांत पसरला. फाइली कुलूपबंद करून तो बिटकॉइनच्या रूपात तीनशे डॉलर मागत असे. भारतात आंध्र प्रदेशातील पोलिसांचे आणि केरळमधील ग्रामपंचायतींचे काही संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. दुरुस्ती उपलब्ध असूनही ज्यांनी ती बसवली नव्हती, ती विंडोज ७ ची यंत्रे सर्वाधिक बळी पडली. विंडोज एक्सपीचे पाठबळ तीन वर्षांपूर्वीच संपले होते, तरी त्या दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठीही अपवाद म्हणून पॅच काढला. असा अपवाद दर वेळी होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

अशा वेळी बहुतेक घरांतून पहिला प्रश्न येतो, ‘अँटिव्हायरस तर आहे ना?’ या विश्वासामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा पुण्याचा आहे. कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात व्हायरसने बाधित झालेले संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिले; त्यातूनच १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. तो काळ फ्लॉपीचा होता. व्हायरस हातोहात फिरत, त्यांची संख्या मोजकी असे आणि ओळख पटलेल्या व्हायरसची यादी वेळोवेळी वाढवली की काम भागे. आज जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक प्रोग्रॅमची नोंद करते. आधुनिक अँटिव्हायरस केवळ यादीवर विसंबत नाही, संशयास्पद वर्तनही हेरतो. तरीही तो कार्यप्रणालीच्या आत राहून काम करतो. घराची भिंतच पडकी असेल, तर दारावरच्या पहारेकऱ्याने किती रोखायचे? तो हवा, पण त्याच्या वार्षिक नूतनीकरणाचे पैसे भरले म्हणजे जुन्या विंडोजचे भोक बुजले, ही समजूत महागात पडते. त्याहून वाईट म्हणजे ‘क्रॅक’ केलेली विंडोज आणि फुकट मिळवलेला सशुल्क अँटिव्हायरस. कुलूप फोडणारे ते छोटे प्रोग्रॅम चालवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, ती कशासाठी याचा विचार सहसा होत नाही.

विंडोज १० असलेल्या घरांसाठी तातडीचा आणि सोपा मार्ग मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा-अपडेट योजनेचा आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. त्यासाठी संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंगची नोंद त्या खात्यात जतन करण्याचा पर्याय निवडला, तर नावनोंदणीला पैसे पडत नाहीत. अन्यथा तीस डॉलरच्या आसपासचे एकरकमी शुल्क आहे. सेटिंगमधील अपडेटच्या पानावर ही नोंदणी करता येते. विंडोज १० मधील अंगभूत डिफेंडरची व्हायरस-यादी २०२८ पर्यंत अद्ययावत होत राहणार आहे, परंतु ती यादी म्हणजे भोक बुजवणारा पॅच नव्हे. या दोहोंतील गल्लत आताच टाळलेली बरी.

विंडोज ७ किंवा एक्सपीच्या यंत्रांना अशी सवलत नाही. तिथे दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. एक तर यंत्रावर लिनक्स बसवावे, नाही तर त्याला इंटरनेटपासून कायमचे तोडावे.

लिनक्सचे नाव काढले की ते अभियंत्यांचे काम आहे असे वाटते. पंधरा वर्षांपूर्वी ते बरेचसे खरे होते. आज ‘लिनक्स मिंट’सारखी प्रणाली २ जीबी रॅमवर सुरू होते, ४ जीबी असेल तर सुखाने चालते, तिचा तोंडवळा विंडोजसारखाच असतो आणि पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, आधी चालवून पाहता येते. मराठी लिपी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहेत. सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सचीच भारतीय आवृत्ती विकसित केली असून तिच्यातही मराठीचा समावेश आहे. लिनक्सला व्हायरस होतच नाहीत, असे मात्र नव्हे. घरगुती वापरात त्याच्यावर होणारे हल्ले कमी असतात आणि दुरुस्त्या विनामूल्य व नियमित मिळतात, एवढेच म्हणता येते. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांसाठी ही वाटही अरुंद होत चालली आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. बाराव्या आवृत्तीवर अजून काही काळ निभावता येते. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी आणि रॅमची एक जादा पट्टी बसवली, तर असे यंत्र चांगलेच वेग घेते. मात्र हा खर्च सुरक्षेचा नव्हे, सोयीचा आहे.

यंत्र तोडून ठेवण्याचा दुसरा मार्ग मराठी घरांच्या आणि संस्थांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खी कादंबरी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. कित्येक सॉफ्टवेअरना यंत्राच्या मागे खोचायचा डोंगलही लागे आणि ती नव्या विंडोजवर चालत नाहीत. एखाद्या लेखकाची हस्तलिखिते, मुद्रणालयाची पाने, महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मराठी मंडळाच्या स्मरणिका आणि सभासद-याद्या याच कारणाने एक्सपीच्या यंत्रात अडकून पडल्या आहेत. ते यंत्र जपण्यामागे आळस नसतो, खरीखुरी गरज असते. पण ती गरज लिहिण्याची आणि वाचण्याची आहे, इंटरनेटची नव्हे. अशा संगणकाची नेटवर्कची तार काढून ठेवावी, वाय-फायचा पासवर्ड त्याला देऊ नये आणि मजकूर टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठीची रूपांतरके उपलब्ध आहेत; जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावे लागतात, कारण रूपांतरात चुका हमखास तिथेच होतात.

तोडलेल्या यंत्रालाही एक दार राहतेच, ते म्हणजे पेन ड्राइव्ह. नोव्हेंबर २००८ मध्ये अवतरलेला ‘कॉन्फिकर’ हा विषाणू नेटवर्कवरून पसरला तसाच पेन ड्राइव्हवरूनही पसरला. त्या काळातील विंडोज पेन ड्राइव्ह खोचताच त्यावरील प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याची सोय देत असे आणि विषाणूने तिचाच फायदा घेतला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठी ही सोय बंद करणारे अपडेट दिले. ते ज्या यंत्रात कधीच बसले नाही, ती यंत्रे आजही झेरॉक्सच्या आणि छायाचित्रांच्या दुकानांत आढळतात. तिथून परतलेला पेन ड्राइव्ह घरी थेट जुन्या यंत्राला न लावता आधी अद्ययावत संगणकावर तपासावा. पेन ड्राइव्हमधील सर्व फोल्डर एकाएकी शॉर्टकट झालेले दिसले, तर त्यांवर क्लिक करू नये. मूळ फाइली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात आणि क्लिक केल्यावर त्यांच्या आधी विषाणू चालतो.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्राबाबत राउटरचा विचार सहसा राहून जातो. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा कीडा पसरला, तेव्हा संगणक मॉडेमने थेट इंटरनेटला जोडलेले असत. कोणी काही न उघडता, केवळ जोडणी होताच, ते बाधित होत. त्यानंतर वर्षभराने एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये फायरवॉल आपोआप सुरू ठेवण्याचा निर्णय झाला. आज घरातील राउटर बाहेरून येणारी न मागितलेली जोडणी बहुधा अडवतो, त्यामुळे तो जुन्या संगणकाची पहिली भिंत ठरतो. पण अनेक घरांत या भिंतीची किल्ली तंत्रज्ञाने बसवताना ठेवलेली, म्हणजे वापरकर्त्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ अशीच असते. ती बदलायला पाच मिनिटे पुरतात.

त्यानंतर ब्राउझर. आजचे बहुतांश हल्ले त्याच्याच वाटेने येतात. क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ साठीचे पाठबळ २०२३ च्या आरंभी थांबवले. १०९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. तिच्यावर संकेतस्थळे उघडतात म्हणून सारे आलबेल वाटते, परंतु त्यानंतर सापडलेली सर्व भोके तिच्यात आहेत. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हे निःसंदिग्धपणे सांगायला हवे. रोजच्या वापरासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खातेही उघडावे. एक्सपीच्या काळात घरातील प्रत्येक जण प्रशासकाच्या अधिकाराने वावरत असे, त्यामुळे चुकून चालवलेल्या प्रोग्रॅमलाही तेच अधिकार मिळत.

स्पॅमची कथा थोडी निराळी आहे आणि जुन्या यंत्रासाठी ती तुलनेने दिलासादायक आहे. पहिले स्पॅम म्हणून ओळखला जाणारा ई-मेल मे १९७८ मध्ये अमेरिकेतील अर्पानेटवर सुमारे चारशे जणांना गेला. संगणकांचे प्रात्यक्षिक पाहायला या, असे ते आमंत्रण होते. तेव्हा तो केवळ उपद्रव होता. पुढे व्हायरस आणि स्पॅम यांचे साटेलोटे झाले. बाधित घरगुती संगणकांची फौज उभारून त्यांच्याकरवी स्पॅम धाडण्याचा धंदा सुरू झाला. मार्च २०११ मध्ये मोडून काढलेले ‘रस्टॉक’ हे असेच जाळे दिवसाला अब्जावधी ई-मेल पाठवू शकत असे. ज्यांच्या संगणकांतून ते जात, त्यांना यंत्र मंदावल्यापलीकडे काही जाणवत नसे. ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहेच काय’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते : चोराला कधीकधी ऐवज नको असतो, तुमचे घर हवे असते.

दिलासा असा की स्पॅम गाळण्याचे काम संगणकात होत नाही. ते ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर होते. आउटलुक एक्स्प्रेससारख्या जुन्या प्रोग्रॅममधून ई-मेल यंत्रात उतरवून घेण्याऐवजी तो ब्राउझरमध्ये वाचला, तर दहा वर्षांच्या संगणकालाही आजची चाळणी लाभते. ही चाळणी शिकत असते. नकोसा ई-मेल नुसता पुसण्यापेक्षा त्याला ‘स्पॅम’ म्हणून नोंदवणे उपयोगाचे, आणि चुकून तिकडे गेलेला कामाचा ई-मेल परत आणणेही तितकेच. ज्या दुकानातून खरेदी केली आहे, त्याच्या जाहिराती थांबवण्यासाठी ‘अनसबस्क्राइब’ वापरायला हरकत नाही. अनोळखी स्पॅममधील तोच दुवा दाबला, तर पत्ता जिवंत असल्याची पावती पाठवणाऱ्याला मिळते. ई-मेलमधील चित्रे आपोआप न उघडण्याचा पर्याय निवडण्यामागेही हेच कारण आहे.

चाळणीतून सुटलेला एखादा ई-मेल मात्र घात करतो. ४ मे २००० रोजी पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा विषाणू प्रेमपत्राच्या रूपात येत असे. जोडलेल्या फाइलच्या नावात आधी मजकुराच्या फाइलचे शेपूट आणि त्यापुढे प्रोग्रॅमचे खरे शेपूट होते, आणि हे शेवटचे शेपूट विंडोज दाखवत नसे. पंचवीस वर्षे उलटली तरी विंडोज फाइलच्या नावाचे परिचित शेपूट मुळात लपवूनच ठेवते. ते दिसेल अशी सोय फाइल एक्स्प्लोररमध्ये करता येते. मग वीजबिलाच्या पीडीएफसारख्या दिसणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ असेल, तर ते लक्षात येते. वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींतील मॅक्रोही असाच घात करतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्याचा बदल मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये केला, पण ऑफिस २००७ आणि २०१० या आवृत्त्यांना तो लाभला नाही आणि त्या अजून कितीतरी घरांत आहेत. त्यांच्याऐवजी विनामूल्य ‘लिब्रेऑफिस’ वापरणे सोपे. त्यातील आज्ञाही मराठीत मिळतात.

पॅन कार्ड बंद होईल, प्राप्तिकराचा परतावा अडकला आहे, बँकेची केवायसी संपली आहे, अशा ई-मेलमध्ये घाई हीच खरी खूण असते. त्यातील दुवा न उघडता पत्ता स्वतः टंकित करावा. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव शेपटाकडे नेण्यास सांगितले होते, त्यामुळे पत्ता तपासणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पत्त्याच्या मध्ये कुठेतरी बँकेचे नाव असणे पुरेसे नाही. शेवट पाहायचा असतो.

आणखी एक सापळा ज्येष्ठांना विशेष गाठतो. पडदाभर लाल चौकट उमटते, भोंगा वाजतो, संगणक बाधित झाल्याचे सांगून एक दूरध्वनी क्रमांक दिला जातो. ती चौकट म्हणजे केवळ एक संकेतस्थळ असते. दूरध्वनी केला, तर पलीकडचा माणूस संगणकाचा दुरून ताबा देणारा प्रोग्रॅम बसवायला सांगतो, आणि खरा हल्ला तिथून सुरू होतो. कोणतीही मोठी कंपनी अशा चौकटीत क्रमांक देत नाही. ब्राउझर बंद होत नसेल, तर वीज बंद करून यंत्र पुन्हा सुरू करावे.

इतके करूनही काही निसटू शकते, म्हणून दुसरी प्रत हवीच. खंडणीखोर विषाणू संगणकाला जोडलेली बाह्य हार्ड डिस्कही कुलूपबंद करतो. त्यामुळे प्रत काढून झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि सर्वांत मोलाच्या गोष्टींची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर असावी. प्रत उघडते की नाही, हे वर्षातून एकदा पाहावे. दहा वर्षांपूर्वी सीडीवर उतरवलेली छायाचित्रे आज वाचता येतीलच असे नाही.

संगणक बाधित झाल्याचा संशय आला, तर आधी इंटरनेट तोडावे आणि ई-मेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर बाधित यंत्र साफ करणारी साधने विनामूल्य मिळतात. पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे सी-डॅकचे ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथे आहे. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता येईल की नाही, हे बहुधा पहिल्या काही तासांतच ठरते.

यंत्र अखेर घराबाहेर पडते तेव्हाही एक काम उरते. फाइली पुसल्या, अगदी रिसायकल बिन रिकामी केली, तरी हार्ड डिस्कवरील मजकूर लगेच नाहीसा होत नाही. केवळ त्याची नोंद जाते आणि तो परत मिळवता येतो. म्हणून यंत्र विकण्यापूर्वी किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे देण्यापूर्वी संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहून ती पुसणारे साधन चालवावे. ते जमत नसेल, तर चार स्क्रू काढून हार्ड डिस्क घरीच ठेवावी आणि उरलेला संगणक द्यावा.